पितळी चाकावरचे तीन ठिपके

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या कारखान्यात शिरल्याबरोबर काचेच्या पेटीत जो जुना रेडिओ दिसतो, त्याच्या आतल्या पितळी चाकावर एक खूण होती. ती मी पॉलिश पेपरनं घासून काढली. कुणी सांगितलं नव्हतं. मीच काढली.

कारखाना लातूरचा, गिअर बनवणारा. डाळमिल, तेलघाणे, उसाचे चरक, सगळीकडं आमची दातेरी चाकं फिरतात. मी तपासणी खात्यात. चाकांचे दात मोजण्यात जन्म गेला म्हणा ना. कारखान्याच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं ठरलं तेव्हा, नोटिसा हाच लिहितो म्हणून, ते काम माझ्या गळ्यात पडलं.

जुने कागद चाळताना कळलं, की मध्यंतरी थोडा काळ आमच्या लोकांनी रेडिओही बनवले होते. गिअरवाल्यांना रेडिओ कशाला सुचावा? मला चैन पडेना. शेवटी गोदामात एक सापडला. उचलायला दोन माणसं लागली. मागची फळी काढली आणि मी पाहतच राहिलो. इतर जुन्या रेडिओंत स्टेशनाचा काटा हलवायला साधा दोरा असतो. आमच्यांनी तिथं पितळेची पाच चाकं बसवली होती. दोऱ्यानं होणारं काम त्यांनी दातांनी केलं, कारण हाताला सवय दातांचीच. बटण फिरवलं की बारीक करकर व्हायची, पण काटा जिथं सोडावा तिथंच थांबायचा, केसभरही सरकायचा नाही. असला जडशीळ रेडिओ घेणार कोण? धंदा का गुंडाळला ते उचलतानाच कळलं होतं. तरी दोन दिवस मी कामं सोडून ते बटण फिरवत बसलो.

पुढं रेडिओ काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं. चमकवायला म्हणून मोठं चाक सोडवलं, तेव्हा त्याच्या आतल्या अंगाला तीन ठिपके आणि खाली एक रेघ दिसली.

आमच्याकडं जुना रिवाज आहे. जो मिस्त्री चाक कापतो, तो आतल्या बाजूला आपली खूण ठोकतो. चाक खराब निघालं तर ज्याचं त्याच्याकडं परत. तीन ठिपके मी चांगले ओळखत होतो. ज्या नमुन्याच्या चाकाशी ताडून मी आजही माल पास करतो, त्यावर तेच आहेत. ते उदगीरच्या एका मिस्त्रींचं काम, एवढं जुनी माणसं सांगायची.

पण तोवर पुस्तिका छापून आली होती. तिच्यात मी लिहिलं होतं, की हा रेडिओ मालकांच्या आजोबांनी स्वतःच्या हातांनी घडवला. ‘स्वतःच्या हातांनी’ हे शब्द माझे. कानाला बरे वाटले म्हणून घातले. रेडिओ मागून उघडा ठेवायचा होता. कुणी चाक खोलून खूण ओळखली तर माझं लिखाण खोटं पडणार. पितळ चमकवायचंच होतं. पाच मिनिटांचं काम.

महिन्याभरानं नांदेडहून एक सत्तरीचे गृहस्थ आले. पुस्तिकेतला फोटो कुणीतरी त्यांना मोबाइलवर पाठवला होता. म्हणाले, वडील उदगीरचे, इथं मिस्त्री होते. रेडिओची चाकं आपण कापली, असं ते लग्नाकार्यात सांगायचे, आणि नातेवाईक त्यांना ‘रेडिओवाले नवाब’ म्हणून चिडवायचे. वडील चिडायचे नाहीत. चाकाच्या पोटात माझी खूण हाय, जाऊन बघा, एवढंच म्हणायचे. बघायला कुणी गेलं नव्हतं. आता हे आले होते.

“चाक जरा खोलून दाखवता का, साहेब? एक फोटो काढतो अन् जातो.”

मी खोललं. दुसरं काय करणार होतो? त्यांनी चष्मा पुसला, चाक उजेडात धरलं, बोटानं चाचपलं. चाक आरशासारखं होतं. मग चाक दोन्ही हातांनी माझ्याकडं परत दिलं.

“लोक बरोबर म्हणत होते मग. म्हातारपणी माणूस बोलून जातो, काय करता.”

नमुन्याचं चाक माझ्या टेबलावर होतं, वीस पावलांवर. मी त्यांना चहा विचारला. त्यांनी तो घेतला, शुक्रिया म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं गेले. मोबाइल त्यांनी खिशातून काढलाच नाही.

दोन वर्षं झाली. मी रोज त्या चाकाशी माल ताडतो. त्यांचा नंबर गेटच्या वहीत आहे, पान मला पाठ आहे. मला त्यांना सांगायचं आहे, की तुमचे वडील खरं बोलत होते, खूण होती, आणि ती मी पुसली. ते मी अजून सांगितलेलं नाही.