ओझं पाण्यातून, माणूस काठाने

त्या प्रकरणातलं आजही मला आधी आठवतं ते म्हणजे ठाण्यातल्या माझ्या टेबलावर पडलेली आणि मधूनमधून वाजणारी एक कापडी पिशवी. नोकरीत मी टेबलावर तलवारी पाहिल्या, गावठी दारूचे फुगे पाहिले, एकदा तर जिवंत कोंबडाही मुद्देमाल म्हणून बांधलेला पाहिला. पण पिशवी वाजली की अख्खं ठाणं दचकायचं, तसं पुन्हा कधी झालं नाही.

मी तेव्हा सोलापूरच्या उत्तरेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक जुना तलाव. त्याच्या एका अंगाला तुळजापूर रस्ता, दुसऱ्या अंगाला बार्शीकडे जाणारा रस्ता. मधे पाणी, पाणकणीस, वेड्या बाभळी आणि हिवाळ्यात कुठून कुठून येणारी बदकं. ती बघायला शहरातली काही मंडळी रविवारी एसटीने यायची आणि काठाकाठाने पायी हिंडायची. आमच्या लेखी हे निरुपद्रवी लोक होते. त्यांच्यापायी ठाण्यात कधी एक कागदही काळा झाला नव्हता.

एका रविवारी संध्याकाळी भवानी पेठेतल्या एक बाई मिसिंगची तक्रार द्यायला आल्या. नवऱ्याचं कापडाचं दुकान, वय पन्नाशीच्या पुढं, साखरेचा त्रास. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या एसटीने तलावावर जायचे आणि दुपारी जेवायला घरी असायचे. आज आले नव्हते. फोन वाजत होता, पण उचलत कुणी नव्हतं. परतीला कुठली गाडी धरतात, असं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "ते मी कशाला विचारू? स्टँडवरून रिक्षानं येतात, एवढं माहीत आहे."

नोंद घेतली, बिनतारी संदेश दिला, माणसं काठावर पाठवली. अंधार पडेपर्यंत काही हाती लागलं नाही.

सोमवारी सकाळी तुळजापूर रस्त्याच्या एसटीच्या कंडक्टरचा जबाब घेतला. तो म्हणाला, "साहेब, अण्णा दर रविवारी माझ्या गाडीतून तळ्याच्या फाट्यावर उतरतात. पण चढताना मी त्यांना आजवर बघितलेलं नाही. दुपारची फेरीही माझीच असते."

आता बघा, पोलिसाचं डोकं कसं चालतं. माणूस उतरतो, पण चढत नाही. म्हणजे तो फाट्याच्या आसपास कुठंतरी टेकतो. कुठं टेकतो? मी खुर्चीत मागे रेललो, मिशीवर बोट फिरवलं आणि हवालदाराला म्हणालो, "दुसरं घर." हवालदार अक्कलकोटकडचे, निवृत्तीला आलेले. ते कानडीत काहीतरी पुटपुटले. त्याचा अर्थ मी आजपर्यंत विचारलेला नाही.

बाईंना पुन्हा बोलावलं आणि जमेल तेवढ्या आडवळणाने विचारलं, की यजमानांचं त्या बाजूला कुणी आहे का. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "अहो साहेब, ह्या माणसाला स्वतःच्या ताटात कुठली भाजी आहे ते सांगता येत नाही. दुसरा संसार कुठून सांभाळणार? तुम्ही शोधा की त्यांना. गोळी घेतली नाही तर चक्कर येते त्यांना."

त्या 'शोधा की' नंतर माझी थिअरी टेबलाखाली गेली, ती परत वर आली नाही.

इतक्यात खबर आली. तळ्यावरच्या भोयाच्या खोपटात शहरी माणसाची पिशवी आहे, तिला दुर्बीण लटकलेली आहे आणि आत फोन वाजतोय. खबऱ्या फाट्यावरचा चहावाला होता. फोनचं लोकेशनही तेच निघालं. पंच घेऊन गेलो. पिशवी मिळाली, ती गाठ न सोडता तशीच जप्त केली; वर्तमानपत्रात बांधलेले कॅनव्हासचे बूट मिळाले. भोयाला गाडीत घालून ठाण्यात आणलं. साठीचा, काटक माणूस. गाव त्याला मामा म्हणायचं. तोपर्यंत फाट्यावर लोक जमले होते आणि 'भोयाने बुडवला' हा निकाल त्यांनी लावूनही टाकला होता. त्याच्या खोपटाचं छप्पर कुणीतरी ओढून काढलं होतं.

चौकशीची माझी पद्धत साधी. चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. गप्पपणाला घाबरून माणूस काहीतरी बोलतोच. मामाने चहा घेतला आणि तोही गप्प बसला. शेवटी मीच बोललो.

"पिशवी तुझ्याकडं कशी?"

"अण्णांनी दिली. पलीकडं न्यायला."

त्याचं म्हणणं असं. काठाने पलीकडे जायचं तर वाटेत गाळाचा पट्टा लागतो. ओझं घेतलेला माणूस त्यात रुततो. म्हणून गावातला जो कुणी काठाने जाईल तो ओझं आणि पायताण मामाच्या तराफ्यावर ठेवतो. ओझं पाण्यातून, माणूस काठाने. मामा आधी पोचतो आणि ओझ्यापाशी बसून राहतो. अण्णाही तसंच करायचे. काल मात्र अण्णा पलीकडे आलेच नाहीत. मामाने हाका मारल्या, तराफा काठाकाठाने फिरवला, दिवस मावळल्यावर पिशवी घेऊन घरी आला.

"त्याला जायचं सोलापूरला. गाडी इकडं. मग तो पलीकडं कशाला जाईल?"

"ते मला काय म्हाईत? लोक वझं देत्यात, मी नेतो."

"फोन वाजत होता. उचलला का नाहीस?"

मामाला हा प्रश्नच विचित्र वाटला. "दुसऱ्याचं वझं हाय त्ये. वझ्यात हात घालायचा नसतो, सायेब."

तेवढ्यात टेबलावरची पिशवी पुन्हा वाजली. बाहेरच्या बाकावरून बाईच पुन्हा फोन लावत होत्या. आशा सुटत नव्हती त्यांची. आमचा एक शिपाई हसला आणि म्हणाला, काय भारी थाप मारतोय. खरं सांगायचं तर मलाही ती थापच वाटली. पाणबुडे बोलावले आणि त्यांना मामाच्या खोपटासमोरच्या पाण्यात उतरवलं.

तरी जबाब पडताळावा लागतो. मामाला घेऊन मी आणि हवालदार काठाने निघालो. फाट्यावर जीप सोडताना ड्रायव्हरला तिथंच थांबायला सांगितलं होतं. आम्ही बाभळीतून अर्ध्यावर पोचलो, तर वॉकीटॉकीवर कळलं की माणूस बुडाल्याच्या खबरेवरून तहसीलची मंडळी बार्शी रस्त्याने आली आहेत आणि त्यांना भेटायला जीप तिकडे गेली आहे. मी वैतागलो. समोर गाळाचा पट्टा दिसत होता. म्हटलं, पुरे झालं, वळा मागे.

हवालदार कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "साहेब, आता मागं कशाला? आपली गाडी तिकडंच उभी हाय की."

मी जागच्या जागी थांबलो. पाण्यापलीकडे बार्शी रस्ता दिसत होता आणि त्याच वेळी एक लाल एसटी धूळ उडवत सोलापूरकडे निघाली होती. स्टँडवर दोन्ही रस्त्यांच्या गाड्या येतात. मी आयुष्यभर जीपने हिंडलेला माणूस. जीपवाला जिथं उतरतो तिथंच परत येतो, कारण गाडी तिथं असते. एसटीने आलेल्याची गाडी कुठंच उभी नसते. तो मागे कशाला वळेल? तो इकडे उतरणार, तळं बघत बघत जाणार आणि तिकडे चढणार. कंडक्टर खरं बोलला होता, मामा खरं बोलला होता, आणि आम्ही पाणबुडे नको तिथं घातले होते.

म्हणजे अण्णा पुढे होते. गाळाच्या पट्ट्यात किंवा त्याच्या पलीकडे.

मामाने तोवर गाळाच्या कडेला बांधून ठेवलेला तराफा सोडला होता. थर्माकोलचा, वर फळी बांधलेला. माझ्याकडे बघून तो अगदी शांतपणे म्हणाला, "सायेब, बूट द्या. पट्टा द्या. आन् ती पिस्तूल बी द्या हिकडं, लई जड असतीया."

हवालदारांनी तोंड फिरवलं. संशयिताच्या हाती सरकारी रिव्हॉल्व्हर देण्याची तरतूद माझ्या माहितीत कुठंही नाही. बूट दिले, डायरी दिली, टोपी दिली. रिव्हॉल्व्हर ठेवलं. परिणामी हवालदार पोटरीपर्यंत रुतले, आणि मी गुडघ्यापर्यंत. एका ठिकाणी त्यांनी मला बाहीला धरून ओढून काढलं, तो प्रसंग मी ठाण्याच्या दैनंदिनीत लिहिलेला नाही.

गाळ ओलांडल्यावर बाभळीच्या जाळीत, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जुन्या विहिरीच्या, मोटेचं पाणी पडायच्या दगडी थारोळ्यापाशी अण्णा सापडले. शेवाळावरून घसरून पाय दगडात अडकला होता, घोटा मोडला होता. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, पण शुद्धीवर होते. रात्रभर ओरडून घसा बसला होता. आदल्या दिवशी मामाच्या हाका त्यांना ऐकू येत होत्या, पण वारा मामाकडून वाहत होता आणि मधे पाणकणसाची भिंत. यांचा आवाज तिकडे पोचलाच नाही.

पोलिसांना बघून माणूस रडतो किंवा पाणी मागतो. अण्णांनी माझ्या मागे तराफ्यावर उभ्या असलेल्या मामाला बघितलं आणि विचारलं, "मामा, पिशवी पोचली का?"

"पोचली की," मामा म्हणाला. "पर सायबाच्या टेबलावर."

अण्णांना दवाखान्यात हलवलं. गुन्हा नव्हताच, त्यामुळे पिशवी पावती घेऊन परत द्यायची होती. मी शिपायाला पाठवत होतो, तर मामा ठाण्याच्या पायरीवर बसलेला. ओझं त्याने घेतलं होतं, म्हणून त्यानेच द्यायचं होतं. त्याला जीपमध्ये पुढे बसवलं. त्याच फाट्यावरून, मुद्दाम हळू, चहावाल्यासमोरून नेलं. दोन दिवसांत त्याचं छप्पर परत जागेवर आलं. ते कुणी घातलं, याची मी चौकशी केली नाही.

दवाखान्यात बाईंनी पिशवी हातात घेतली. दोरीची गाठ अण्णांनी मारलेली, तशीच होती. त्या मामाला म्हणाल्या, "फोन वाजत होता तर उचलायचा की हो. माझा जीव इथं टांगणीला."

"वैनी, वझ्यात हात घालत न्हाय."

बाईंनी गाठ सोडायला घेतली. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी घाला. मी सांगतेय म्हणून घाला." मामाने जरा विचार करून मान हलवली. त्या हलवण्यात होकार किती होता, ते मला सांगता येणार नाही.

पुढे नोकरी संपेपर्यंत मिसिंगच्या प्रत्येक तक्रारीत मी नव्या अधिकाऱ्यांना पहिला प्रश्न एकच विचारायला लावला. माणूस गेला कशाने? स्वतःच्या गाडीने गेला असेल तर गाडीभोवती शोधा. एसटीने गेला असेल तर पुढचा रस्ता शोधा. आणि जबाब खोटा ठरवण्याआधी तो जबाब पायांनी एकदा चालून बघा, बूट खराब झाले तरी चालेल.

आता मीही रविवारी जातो. सकाळच्या एसटीने तुळजापूर रस्त्याला उतरतो. गाळाशी मामा तराफा घेऊन उभा असतो. अण्णांची पिशवी बऱ्याचदा माझ्याआधी फळीवर ठेवलेली असते, आणि ते जरा लंगडत पुढे गेलेले असतात. मी पिशवी देतो, बूट देतो. मामा माझ्या कमरेकडे बघतो आणि दर खेपेला विचारतो, "आनखी काय जड हाय का, सायेब?"

नाही म्हणतो, आणि चालायला लागतो. आता घोट्याच्या वर रुतत नाही.