वाटाण्यांच्या गोदामातला हिवाळा

माणसाने शेवटी मातीकडे परतावं, असं मी त्या उन्हाळ्यात गंभीरपणे बोलू लागलो होतो. आमच्या घराण्यात कुणीच कधी शेती केली नव्हती, त्यामुळे परतायचं म्हणजे नेमकं कुठे, हा प्रश्न होता.

कारण साधं होतं. मी ज्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत होतो ती बंद पडली. व्हिसा कॅन्सल झाला, खलास. महिन्याभरात दुबई सोडायची. भारतात आम्हाला घर नव्हतं. भावाला होतं, तिथे पहिला आठवडा आम्ही पाहुणे, नंतर चर्चेचा विषय.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर हिमाचलातला एक इंजिनियर बसायचा. त्याच्या काकांना गावाकडची जमीन विकायची होती. घर, झरा, दोन गाई, बटाटे, वाटाणे. बर्फ पडलं की रस्ता बंद; साठवलं असेल ते खायचं. मी रोज जेवताना त्याला खोदून खोदून विचारायचो : लाकूड किती लागतं, गाय हिवाळ्यात काय खाते. मला ती जागा स्वर्गच वाटली. तिथे कुणी व्हिसा मागत नव्हतं.

"अहो, एसीने तुम्हाला सर्दी होते," बायको म्हणाली.

म्हणून मी प्रयोग करायचं ठरवलं. शारजाच्या औद्योगिक भागात एका मित्राचं फ्रोझन मालाचं गोदाम होतं. ऐन ऑगस्टातल्या शुक्रवारी मी, बायको आणि मुलगी असे तिघं स्वेटर आणि कानटोप्या घेऊन तिथे हजर झालो.

"वहिनी, हा वेडाच आहे. तुम्हीही?" मित्र म्हणाला.

"भाऊजी, दार लावा."

आत वजा अठरा. आम्ही वाटाण्यांच्या खोक्यांवर बसलो. मी बटाटे कसे साठवायचे ते सांगायला लागलो, पण थोड्याच वेळात ओठ हलेनात.

"बाबा, हाऊ लाँग इज विंटर?" मुलीने विचारलं.

"सहा महिने."

"ओके," ती म्हणाली आणि तिने हात बाह्यांमध्ये ओढून घेतले. तिने रडून गोंधळ घातला असता तर बरं झालं असतं.

बायकोने मुलीची कानटोपी नीट खाली ओढली. मग म्हणाली, "शिकू आपण. तुमच्या भावाच्या हॉलमध्ये गादी घालून राहण्यापेक्षा बरं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. थंडीमुळे, असं तिचं म्हणणं.

बाहेर आल्या आल्या चष्म्यावर वाफ धरली. काही दिसत नसतानाच मी गोदामाच्या ऑफिसातल्या फोनवरून इंजिनियरला सांगितलं, की जमीन आम्ही घेतो.

तिकडून त्याचा आवाज आला,

"भाईसाब, आप सीरियस थे? मैं समझा टाइमपास कर रहे हैं."

मग त्याने सांगितलं, की हिमाचलातली शेतजमीन हिमाचलातल्या शेतकऱ्यालाच विकत घेता येते.