दूध नासतं कुठे

डेअरीच्या गाडीतून तिचा कॅन पुन्हा परत आला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाकण उघडलं तर आंबूस वास. उन्हाळा लागल्यापासून हे असंच चाललेलं. आणखी काही जणांचेही कॅन परत येत, पण ते मुकाट्याने दूध ओतून देत. हिला ते जमणारं नव्हतं. दारात तीन गाई, घरात तिघंचौघं खाणारी आणि सगळ्यांचं त्या दुधावर भागायचं.

गावातलं दूध गोळा करायचं केंद्र तिच्या सख्ख्या दिराचं, डेअरीपर्यंतची गाडीही त्यानेच लावलेली. तिथेच तर खरी पंचाईत होती. परक्या माणसाशी मन मोकळं होईपर्यंत भांडता येतं. दिराशी भांडलं की संध्याकाळी सासूबाईंचं तोंड वाकडं.

"भावजी, तुमच्याकडे माप घेताना दूध चांगलं होतं ना? मग वाटेत काय झालं त्याला?"

"वहिनी, राग मानू नका," दीर हिशेबातून मान वर न काढता म्हणाला, "पण कॅन जरा नीट घासत जा."

कॅन घासत जा! गरम पाण्याने घासून, उन्हात पालथे घालून तिची बोटं सोलवटली होती. ती तशीच घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "उद्या मी गाडीतून जाते." नवरा म्हणाला, "बरं." तो कशालाही "बरं"च म्हणायचा, त्याचाही तिला वैताग.

दुसऱ्या दिवशी सगळे कॅन चढले, तशी ती सरळ ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. ड्रायव्हर चपापला.

"काकू, तुम्ही कुठे?"

"दुधासोबत. तू चालव."

अर्ध्या वाटेत त्याने गाडी एका गल्लीच्या तोंडाशी थांबवली, भर उन्हात. "आलोच," म्हणून तो एका घरात शिरला. आलोच म्हणजे किती? मागे पत्रा तापून कॅन चटके देऊ लागले. शेवटी ती तणतणत त्याच्यामागे घरात गेली. आज याला सोडायचंच नाही, असं ठरवूनच.

आत खाटेवर त्याचे वडील पडून होते. घसरून पाय मोडल्यापासून त्यांना उठता येत नव्हतं. ड्रायव्हर त्यांची कूस बदलत होता, मग चमच्याने पेज भरवू लागला. म्हातारा प्रत्येक घासाला मान हलवून नको म्हणत होता.

आता भांडायचं तरी कुणाशी?

"अरे, मग सांगायचंस ना!"

"कुणाला सांगू काकू? तुमच्या भावजींना कळलं तर गाडी दुसऱ्याला देतील."

ते खोटं नव्हतं. दिराला ती ओळखून होती.

"मग निदान सावलीत तरी लाव!"

सावली होती, समोरच्या सुताराच्या शेडखाली. पण सुतार तिथे गाडी लावू देत नव्हता. ती तडक त्याच्याकडे गेली.

"याने गाडी मागे घेताना माझी नवी चौकट फोडली," सुतार रंधा आपटत म्हणाला. "वर साधं 'चुकलं' म्हणाला नाही."

"म्हणाला नाहीस?" तिने वळून मागोमाग आलेल्या ड्रायव्हरला विचारलं.

"घाईत होतो..."

"घाईत! तुझ्या घाईपायी माझं दूध गटारात चाललंय. म्हण आता."

ड्रायव्हर "चुकलं" म्हणाला. सुताराने कुरकुरत फळ्या बाजूला सारल्या. त्या दिवशीचं दूध गेलंच, उशीर झाला होता. पण नंतर कॅन परत येणं थांबलं.

आठवड्याने दीर चारचौघांत म्हणाला, "बघा, वहिनींनी कॅन घासायला सुरुवात केली आणि फरक पडला की नाही?"

खरं सांगावं तर ड्रायव्हरच्या पोटावर पाय. गप्प बसावं तर सगळ्या गावात ही बाई घाणेरडी! ती गप्प बसली आणि घरी येऊन गोठ्यात नवऱ्यासमोर सगळं ओकली. तो धार काढत होता. ऐकता ऐकता त्याला हसू फुटलं आणि आवरेचना.

"हसता काय!" ती ओरडली. "गाईने पान्हा चोरला ना!"

खरंच चोरला होता, धार थांबली होती. "सरका," म्हणत तिने त्याच्या हातातली बादली ओढली आणि स्वतः धारेला बसली.