खाडीतले जंतू आणि आमची अनघा

"त्या मॅडमनं खाडीत जंतू सोडलेत, आनि आता..."

एवढंच माझ्या कानावर आलं. मी पाटीजवळ पोचले तशी हिराबाय गप्प झाली आणि मान खाली घालून मांदेली निवडायला लागली. हिराबाय आमच्या धक्क्यावर मासे विकते. तिच्याकडे मासळीबरोबर गावाची बातमी फुकट मिळते. पण अर्धी बातमी मला पचत नाही. त्यात ती शेजारणीची असेल तर मुळीच नाही!

त्या शेजारणीचे, म्हणजे अनघाचे, किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो. कुठले आधीचे, कुठले नंतरचे, तेही आता नीट आठवत नाही. पोरगी गाव सोडून गेली त्याला वर्ष होत आलं. शेजारच्या घराला कुलूप आहे, तरी भाजी करताना माझा हात वाटीभर जास्तच टाकतो. ह्यांना मग तीच भाजी रात्रीही मिळते. खातात बिचारे, आणि विचारतात, "आज अनघाची आठवण आली वाटतं?"

*

ती आली तेव्हा टेम्पोतून खोकी, नळ्या, दोरखंड आणि एकच उशी उतरली. मी दहा मिनिटांत पोह्यांची बशी घेऊन हजर. रिकाम्या हाताने चौकशी करू नये, ही माझी पद्धत.

"एकटीच? लग्न झालंय? आईवडील कुठे असतात? आणि ह्या नळ्या कसल्या?"

तिने शेवटच्या प्रश्नाचंच उत्तर दिलं. "काकू, समुद्रात वरून खाली जो कचरा पडत असतो ना, तो मी गोळा करते. त्यावरच्या जंतूंचा अभ्यास आहे माझा."

"अगं, कचऱ्यासाठी समुद्रात कशाला जायचं? आमच्या बाजाराच्या मागे ये. जन्मभर पुरेल!"

हसली, आणि पोहे खाता खाता तिने समजावून सांगितलं. मेलेलं शेवाळ, कोळंबीची घाण, असलं काय काय एकमेकांना चिकटतं आणि त्याचे गोळे सावकाश बुडायला लागतात. जंतू ते वाटेतच खातात. जे खाल्लं जातं, त्याचा गॅस होतो आणि पुन्हा वर हवेत येऊ शकतो. जे उरतं, ते तळाच्या चिखलात गाडलं जातं. किती खाल्लं आणि किती उरलं, एवढंच तिला मोजायचं होतं.

मग तिने मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. एका गोळ्यावर ठिपकेच ठिपके!

"हे दिवसभर करतात काय गं?"

"खातात आणि श्वास सोडतात, काकू."

"मग मला नवे नाहीत. त्यातला एक आमच्या सोफ्यावर असतो!"

*

तिने होडी ठरवली इस्माईलचाचांची. चाचांची दोन्ही मुलं कुवेतला. इथे चाचा, चाची आणि होडी.

त्या बुडणाऱ्या गोळ्यांना शास्त्रज्ञ 'समुद्रातला बर्फ' म्हणतात, असं अनघाने त्यांना सांगितलं. चाचांनी वाकून पाण्यात बघितलं.

"बेटा, चाळीस वर्षं मी फॅक्टरीतनं बर्फ विकत नेतोय. आणि खाली हा फुकट पडत होता?"

*

चाचांचा खरा पराक्रम पहिल्या हिवाळ्यातला.

अनघाच्या चार नळ्या असायच्या, तळ बंद आणि वर तोंड उघडं. दर ऋतूत एकदा त्या दोरीला बांधून खाडीच्या तोंडाशी खोल पाण्यात सोडायच्या आणि वर खुणेचा बोया तरंगत ठेवायचा. पाच दिवसांनी काढल्या की तळाशी बोटभर करडा गाळ. तो गाळ म्हणजेच तिचं सगळं काम.

त्या दिवशी काढताना लाटा फार होत्या. पोरगी उलट्या करून होडीत आडवी झाली. चाचांनी एकट्याने नळ्या वर ओढल्या, धक्क्याला आल्यावर बघितलं तर आत चिखल! त्यांनी नळावर बसून काथ्याने चारही नळ्या घासल्या, उन्हात वाळवल्या आणि तिच्या हातात दिल्या. "घे बेटा, चकाचक!"

अनघा पायरीवर बसलीच. रडली नाही, रागावली नाही, एकेक नळी डोळ्याला लावून बघितली. त्या वर्षीचा हिवाळा गेला होता. तो पुन्हा धरायचा तर वर्षभर थांबणं आलं.

चाचांना कळलं तेव्हा त्यांनी आपल्या दारातच कान पकडले. "तौबा, तौबा! शादीला पस्तीस वर्षं झाली, घरात एक कप विसळला न्हाय मी. विसळलं ते नेमकं हिचं!"

आतून चाची म्हणाल्या, "माझे कप विसळले असते तर कुनाचं नुकसान झालं नसतं!"

*

तिच्याकडे एक यंत्र होतं. खाडीच्या पाण्याच्या बरण्या आडव्या ठेवून ते सावकाश लोळवत राहायचं, म्हणजे आतले गोळे तळाशी बसत नाहीत, बुडतच राहतात. एके दुपारी लाइट गेली. अनघाची धावाधाव! थांबलं की प्रयोग बिघडला.

मी ह्यांना सोफ्यावरून उठवलं. तिघं मिळून हाताने बरण्या फिरवायला लागलो. हे जोरात.

"काका, हळू! गोळे फुटतील!"

"ताक नाही घुसळायचं, गोळे जपायचेत!" मी ओरडले.

दोन तास फिरवलं. लाइट आली, यंत्र घरघरलं, तरी हे बरणी सोडेनात. "थांब गं. आत्ता कुठे हात बसलाय!"

*

दुसरा हिवाळा आला. चाचांनी नळ्या सोडल्या आणि नेमकी त्याच आठवड्यात मासळी आटली. मग हिराबायच्या पाटीवर ती बातमी सुरू झाली, जी मी अर्धी ऐकली होती. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी कळली. जंतूंनी मासळी पळवली म्हणे, आणि मॅडमला कोणी होडीत घ्यायचं नाही!

आमच्याकडे होडी वाळूवरून पाण्यात लोटायला सहा माणसं लागतात. ती एकमेकांनी द्यायची. चाचांना कोणी हात देईना. आणि एकाचा बोया दुसऱ्याने उचलायचा नाही, हाही खाडीचा नियम.

"वहिनी, मी काय करू? एकट्यानं न्हाय लोटत," चाचा म्हणाले.

पाचवा दिवस उजाडला. अनघा जेवली नव्हती. तिचं काम तपासणाऱ्या सरांनी हा शेवटचा हिवाळा दिला होता. गाळ मिळाला नाही तर दोन वर्षं पाण्यात!

मी धक्क्यावर गेले. सगळे होडीवाले जाळी विणत बसलेले. मी सरळ हिराबायला विचारलं.

"जंतू सोडलेत म्हणतेस?"

"व्हय. सोडलेत."

"कुठे आहेत?"

"त्या नळ्यांत. आनि कुठं?"

"मग नळ्या खालीच राहू द्यायच्या? जन्मभर?"

हिराबायने होडीवाल्यांकडे बघितलं, होडीवाल्यांनी एकमेकांकडे. मग तीच उठून ओरडली, "अरं, बसलाव काय? काढा ते भायेर! आनि तिला न्या संगती, तिचीच हायेत ती!"

सहाच्या जागी अकरा माणसांनी चाचांची होडी लोटली. दोन तासांत नळ्या आल्या, चारही, गाळासकट. चाचांनी हात पाठीमागे बांधून ठेवले होते. "मी शिवलेलो न्हाय, बेटा!"

*

जायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं. शेवटी उरला एक कॅन, खाडीचंच पाणी, प्रयोगातून शिल्लक राहिलेलं. तिथलंच पाणी तिथेच बरं, म्हणून अनघा तो उचलून धक्क्याच्या टोकाला गेली आणि हळूहळू ओतायला लागली.

हिराबाय पाटी टाकून धावली. "बघा वयनी, बघा! सोडले का न्हाय?"

सगळा धक्का बघत होता. अनघाने कॅन सरळ केला.

"हो हिराबाय. सोडले."

हिराबाय कडेवरून पाण्यात डोकावली. मग पदर खोचत म्हणाली, "मंग आता त्यांच्याकडं बघाया कोन येनार?"