हीटरला लावलेलं कुंकू

कोल्हापुरात ट्रकला हीटर कशाला, हा प्रश्न आमच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. उत्तर साधं आहे. हा ट्रक आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतला होता आणि तो मुळात कुठल्याशा थंड मुलखासाठी बनवलेला होता. डॅशबोर्डखाली पत्र्याचा एक गोल डबा होता. इंजिनात तापलेलं पाणी नळीतून त्या डब्यातल्या जाळीत यायचं आणि मागचा छोटा पंखा गरम वारा पायांवर सोडायचा. "आता मागं फ्रीजबी बसवा की," असं गल्लीतले लोक माझ्या वडिलांना चिडवायचे. आबा हसायचे. थंडीच्या पहाटे गुळाची खेप घेऊन घाटातून येताना आई त्या डब्यापुढे पाय धरून बसायची, हे चिडवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. गेल्या वर्षी आबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ते बरेच दिवस दवाखान्यात होते. तेवढ्यात मी ट्रकचं इंजिन बदललं. जुनं पेट्रोल इंजिन काढून नवीन डिझेल इंजिन बसवलं. आबांना सरप्राइज द्यायचं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं सांगायचं तर मला तो ट्रक जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मिरवायचा होता, आणि वाटेत बंद पडणारी गाडी मिरवता येत नाही.

जुन्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेलेला होता. ते टेम्पोत घालून मी फाउंड्रीत नेलं. आमच्या धंद्यात जुनं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दिसलं की डोळे चमकतात, कारण ते चांगलं वितळतं. माझेही चमकले. भट्टीवरच्या माणसाने विचारलं, "ह्येबी घालायचं?" मी म्हणालो, "घाल." आबांचा अर्धा जन्म ज्याच्या आवाजात गेला ते इंजिन मी एका शब्दात वितळवलं, आणि दुपारी डबाही नेहमीसारखा खाल्ला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी ट्रक धुऊन, झेंडूचा हार घालून अंगणात उभा केला. आबा वॉकर घेऊन आले. सगळे लोक बॉनेटवर हळदकुंकू लावतात, आबांची रीत वेगळी होती. ते बॉनेट उघडून थेट इंजिनाला बोट टेकवायचे. त्या दिवशीही त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. आत काळ्या प्लास्टिकचं झाकण होतं. आबा कुंकवाचं ताट हातात धरून बघतच राहिले. मग म्हणाले, "जुनं कुठं हाय?"

"शिरोलीत. शेडमध्ये ठेवलंय," मी म्हणालो. खोटं इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं.

"झाकून ठेवलंयस न्हवं?"

"व्हय."

आबांनी नव्या इंजिनाला काही लावलं नाही. माझा खांदा धरून ते कसेबसे केबिनमध्ये चढले, वाकले आणि डॅशबोर्डखालच्या हीटरला कुंकू लावलं. जुन्या इंजिनाच्या जोडीचं असं तेवढंच उरलं होतं. मग बटण दाबून बघितलं. पंखा हलला नाही. मेकॅनिकने हीटरच्या वायरी आणि दोन्ही नळ्या कापून टाकल्या होत्या, आणि माझ्या परवानगीनेच कापल्या होत्या.

"ह्येबी गेलं व्हय," एवढंच ते बोलले.

तेव्हापासून मी हीटरच्या मागे लागलो. इंजिन तर परत आणता येणार नव्हतं. निदान हे एक तरी पूर्ववत करून द्यावं, अशी माझी लबाड समजूत होती. जाळी गळत होती, ती रेडिएटरवाल्याकडून डाग देऊन सांधून घेतली. पंख्याची मोटर सहा व्होल्टची आणि आताची बॅटरी बारा व्होल्टची, म्हणून मध्ये एक रेझिस्टन्स बसवला. नव्या इंजिनाची तोटी बारीक आणि हीटरची नळी जाड, त्यासाठी लेथवर पितळेचा जोड कातून आणला. डब्याचा रंग खरवडला, पण कुंकवाचा ठिपका होता तेवढी जागा मात्र सोडली. तिथे पॉलिश पेपर लावायला माझा हात धजावला नाही.

रविवारी मी ट्रकखाली असलो की आबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे. ऑपरेशननंतर त्यांचे पाय सदा गार पडायचे, त्यामुळे कार्तिकातल्या उन्हातही लोकरीचे मोजे असायचे. बोलणं फिरून फिरून जुन्या इंजिनावर यायचं.

"शिलेंडरात तेल सोडतोस का न्हाय? रिंगा गंजून धरून बसतील बघ."

"सोडतो की."

एकदा त्यांनी स्वतःच्या हाताने तेलाचा डबा भरून माझ्या मोटरसायकलला अडकवला. मी तो फाउंड्रीत नेला आणि लॉकरमध्ये ठेवला. लॉकर उघडलं की तो दिसायचा. मग मी लॉकर उघडायचंच टाळू लागलो, कामाचे बूट घालताना काढलेल्या चपलाही बाहेरच ठेवू लागलो.

हीटर जोडून झाला तरी आधी गार वाराच यायचा. पाण्यात हवा अडकली होती. चढावर ट्रक तोंड वर करून उभा केला, रेडिएटरचं झाकण सैल केलं, इंजिन चालू ठेवलं. नळीत गुडगुड झाली आणि हळूहळू डबा कोमट झाला, मग गरम. मला इतका आनंद झाला की क्षणभर बाकी सगळं विसरलो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आबांना केबिनमध्ये बसवून पंखा लावला. त्यांनी मोजे काढले, पाय पुढे केले आणि डोळे मिटले.

"लेका, तसाच वारा हाय," ते म्हणाले. "ह्या नव्या इंजिनाचं पाणी न्हवं ह्यात? मग त्येलाबी आपलं म्हणाय पायजे." खिशातून कुंकवाची डबी काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि नव्या इंजिनाला कुंकू लावायला लावलं. मी लावलं. डबी परत घेत ते म्हणाले, "आता शिरोलीला घे. जुन्याचं दसऱ्याला ऱ्हायलंय."

कारण सांगता आलं असतं, शेडला कुलूप आहे वगैरे. पण गिअर टाकला आणि निघालो. पंचगंगेच्या पुलावर धुकं होतं. केबिनमध्ये छान ऊब होती आणि आबा आईच्या, गुळाच्या, घाटाच्या गोष्टी सांगत होते. इतके खुशीत मी त्यांना ऑपरेशननंतर पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिरोलीचा फाटा आला तशी मी गाडी कडेला घेतली.

"आबा, इंजिन शेडमध्ये न्हाय."

"मग?"

"भट्टीत गेलं. मीच घालाय सांगितलं. तुम्ही दवाखान्यात असताना."

इंजिन चालू होतं, पंखा घरघरत होता. आबा हातातल्या डबीकडे बघत होते.

"आणि त्यो तेलाचा डबा?"

"लॉकरात हाय."

त्यांनी डबी खिशात ठेवली. इंजिन गेल्याचं त्यांनी एकवेळ सोसलं असतं, त्या डब्याचं त्यांना फार लागलं. ते मला चेहऱ्यावर दिसलं आणि अजून दिसतं.

"हीटर बंद कर," ते म्हणाले. "उकडाय लागलंय. आणि गाडी वळीव."

मी बटण बंद केलं. गाडी घराकडे वळवली. मोजे सीटवर तसेच पडले होते, आणि आबा एका पायावर दुसरा पाय चोळत बसले होते.