ब्रेकवरचा पाय

ज्या माणसाची नोकरी माझ्या एका वाक्यामुळे गेली, तो आमच्या पिकअपचा ड्रायव्हर होता. ते वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं पचवता आलं.

कुंभकोणमला माझ्या मामांचा पितळी भांड्यांचा व्यापार होता. पन्नासच्या दशकात त्यांनी लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी पिकअप घेतली. तिला पॉवर ब्रेक होते. खाली पत्र्याचा एक गोल डबा होता. पायाने नुसतं टेकवलं की इंजिनाच्या ओढीने तो डबा उरलेला जोर लावायचा. गावात अशी दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे तिच्यात काही बिघडलं की सगळ्यांचा संशय आधी त्या डब्यावर जायचा.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. त्रिचीच्या एका गॅरेजात दोन वर्षं काम शिकून आलो होतो आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं. ड्रायव्हर चाळिशीचा, फौजेतून आलेला. मी त्याला अण्णे म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ. तो मला तंबी म्हणायचा, धाकटा.

नवरात्र संपल्यावर आठवडाभरातच गाडी धरू लागली, म्हणजे लागलेले ब्रेक सुटेनासे झाले. मायावरमहून परतताना चाकांना जळका वास यायचा, मागची चाकं हात लावू देत नसत, आणि सपाट रस्त्यावरही गाडी बैलगाडीसारखी ओढावी लागायची. मी जॅक लावून चाकं फिरवून पाहिली. थंड असताना ती मोकळी फिरत. डब्याची नळी काढून पाहिली, ती कुठे चिरली नव्हती. ब्रेकच्या स्प्रिंगा बदलल्या. दोन दिवसांनी पुन्हा तोच वास.

"डब्यात काही नाही ना?" मामांनी विचारलं.

"नाही दिसत."

"मग पायात आहे. फौजेतल्या लोकांना पाय ब्रेकवर ठेवूनच चालवायची सवय असते. तू त्याच्या शेजारी बस. रस्ता बघू नको, पाय बघ."

एकदा हे मनात शिरल्यावर मला त्याच्यात पाय सोडून काही दिसेना. तो अनवाणी चालवायचा. अंगठा जरा हलला तरी मी मनात नोंद करायचो. माझी नजर कुठे आहे हे त्याच्या लगेच लक्षात आलं.

"तंबी, माझ्या पायाला दृष्ट लावणार आहेस का?" तो हसत म्हणाला. मी हसलो नाही, तेव्हा तोही थांबला. मग म्हणाला, "सकाळी गाडी ठीक असते. तापली की धरते. पाय माझा सकाळीही हाच असतो. याचा विचार कर."

मी विचार केला नाही. दारासुरमजवळच्या पुलावर पुढे बैलगाड्यांची रांग होती. उतारावर त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि रांग संपेपर्यंत ठेवला. कुणीही ठेवला असता. संध्याकाळी मामांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पाय ब्रेकवर असतो." पुलाचं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर मामांनी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. "मुदलाळी," तो म्हणाला. मालकाला तो तसंच म्हणायचा. "मुदलाळी, गाडी एकदा नीट उघडून बघा, मग मला काढा."

"उघडून बघितली आहे. भाच्यानेच बघितली."

तो माझ्याकडे वळला. मी समोर रचलेल्या घागरींकडे पाहत उभा राहिलो.

मग गाडी मीच चालवू लागलो. पाय ब्रेकपासून इतका लांब ठेवायचो की मांडी दुखायची. तिसऱ्या आठवड्यात तिरुविसनल्लूरच्या रस्त्यावर भर दुपारी गाडीने मला धरलं. चारही चाकं घट्ट. यावेळी ती तापलेली असतानाच मी डब्याची नळी काढली. चाकं तशीच. म्हणजे डबा निर्दोष होता. मग पायाखालचा पत्रा उचलला आणि तेल बघायला ब्रेकच्या टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स असा आवाज झाला. उतरून गाडी ढकलून पाहिली तर ती सहज पुढे सरकली.

तेल तापलं की फुगतं. टाकीतली हवा बाहेर पडावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं तर दाब तसाच राहतो आणि चाकं सुटत नाहीत. मी झाकण उन्हात धरलं. भोकावर वाळून दगड झालेलं गंध होतं आणि त्यावर कुंकू.

नवरात्रातल्या आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, गाडीचा एकही भाग सुटता कामा नये, असं मामांनी बजावलं होतं. पूजा मी केली होती. इतर कुणाला ठाऊकही नसलेली जागा मला ठाऊक आहे, या तोऱ्यात मी पत्रा उचलून त्या झाकणालाही गंध लावलं होतं.

खराट्याच्या काडीने मी भोक मोकळं केलं. गाडी त्यानंतर कधी धरली नाही. मामा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "पाय बदलला, गाडी सुधारली." ते ऐकून कुठल्याही बस मालकाने त्या माणसाला उभं केलं नाही. नोकरी गेल्यावर लगेच तो सासुरवाडीला, पट्टीश्वरमला गेला होता; पुढे तिथेच दुसऱ्यांच्या शेतावर राबला. एकदा बाजारात भेटला.

"गाडी कशी आहे, तंबी?"

"बरी आहे."

"काय निघालं?"

"काही नाही. आपोआप बरी झाली."

गाडी आपोआप बरी होत नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

हे सगळं मी आमच्या घरच्या मराठीत लिहून काढलं आणि मग माझा मलाच संशय आला. त्याच्या घरी मराठी कुणाला येत नाही. म्हणून गेल्या महिन्यात बसने पट्टीश्वरमला गेलो. तो जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. त्याची मुलगी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिला तमिळमध्ये सगळं सांगितलं, पूल, गंध, झाकण, काडी. ती निवडता निवडता ऐकत होती.

"तुम्हाला हे केव्हा कळलं?" शेवटी तिने विचारलं.

"त्यांना काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात."

तिने सूप खाली ठेवलं. "तेव्हा अप्पा इथेच होते," ती म्हणाली. "याच ओसरीवर. रोज."