लातूरच्या डॉक्टरांचं दार

नांदेडच्या बसस्थानकावर लातूरची गाडी लागली तेव्हा ऊन अजून चढलं नव्हतं. मी पाण्याची बाटली, दशम्यांचा डबा आणि तपासण्यांची फाईल पिशवीत नीट आहे ना, ते पुन्हा पाहिलं. सानिका, ईशान, ऐका रे नातवंडांनो: तुमचे किसन आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, गाडीच्या दाराशी गेले आणि बाजूला उभे राहून मागच्यांना वाट देऊ लागले. एक बाई चढली, तिची पोरं चढली, मग कोणाचं तरी पोतं चढलं.

"चढा की बाबा, मुहूर्त पाहून राहिले का?" कंडक्टर ओरडला.

"लेडीज पहिले," भाऊजी म्हणाले.

फौजेतली अदब, असं आम्ही घरात कौतुकानं म्हणतो. लग्न असो की देऊळ, दार आलं की किसन भाऊजी बाजूला. शेवटी मी पाठीला हात लावला तेव्हा ते चढले.

हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते अर्धापूरला राहिले. तुमची काकूआजी गेल्यापासून घरात एकटे, मागे केळीची बाग. गेल्या वर्षभरात ते घरातल्या घरात वारंवार पडले. एकदा कपाळाला टाके पडले. मुलगा म्हणतो, पुण्याला चला. भाऊजी म्हणतात, "तिथं केळ पिशवीत दिसतं, झाडाला न्हाई." पडण्याचं कारण सापडलं आणि इलाज झाला तरच अर्धापूर टिकणार, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

माजी सैनिकांच्या दवाखान्यानं लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरांशी फोनवर भेट ठरवून दिली होती. ईशान, ॲप तूच बसवून दिलंस. सोय चांगली आहे, खोटं कशाला बोलू? पण भाऊजी दाढी करून, कोट घालून, छातीला पदकं लावून फोनसमोर असे ताठ बसत की पलीकडे डॉक्टरच सावरून बसत.

"काय म्हणता, हवालदारसाहेब?"

"एकदम फर्स्ट क्लास, सर!"

"पडलात म्हणे?"

"पाय घसरला, सर."

मी बाजूनं काही बोलले की डोळे वटारत. ताकदीच्या गोळ्या लिहून भेट संपायची. खुर्चीत बसलेला माणूस पडत नाही, आणि फोनला खुर्चीच दिसत होती. म्हणून मी ठरवलं, समोरासमोर नेऊन दाखवायचं.

लोहा मागे पडलं. सोयाबीन निघालेली काळी रानं दोन्ही बाजूंना उघडी पडली होती, आभाळ मळकट होतं. अहमदपूरला गाडी थांबली तिथे मी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात) घेतला. भाऊजींना चमचा तोंडापर्यंत न्यायला इतका वेळ लागत होता की शेवटचे घास मीच भरवले. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

पुढच्या बाकावर एक गृहस्थ मुलीला घेऊन बसले होते. पायाशी पत्र्याची पेटी आणि गुंडाळलेली गादी.

"लेक क्लासला चालली का?" मी विचारलं.

"हाव. दोन वर्सं लातूरला ठिवायची. डाक्टर व्हायचंय तिला."

भाऊजी पुढे वाकून मुलीला म्हणाले, "लवकर हो, बाई. तवर म्या तग धरतो."

ती हसली. बाप मात्र हसला नाही.

लातुरात चौकाचौकांत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो टांगलेले. भूकंपानंतर मी इथे आले होते तेव्हा लोक घराबाहेर पालं ठोकून झोपत होते. भाऊजींची पलटण त्या वेळी किल्लारीच्या बाजूला ढिगारे उपसायला आली होती. त्याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत.

डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, वर क्लास. डॉक्टर तरुण आणि शांत होते. त्यांनी हात पाहिले, गुडघ्यांवर ठोकलं, म्हणाले, "जरा चालून दाखवा, काका." आणि भाऊजी निघाले ते परेडवर निघाल्यासारखे. टाच वाजवत गेले, वळले, आले. मला रडू येईल असं वाटलं. एवढ्या लांब येऊन हा माणूस पुन्हा फर्स्ट क्लास!

"चाल तर तरुणाला लाजवेल," डॉक्टर म्हणाले, आणि त्याच गोळ्या लिहू लागले.

आम्ही उठलो. तेवढ्यात वरचा क्लास सुटला आणि जिना मुलांनी भरून वाहू लागला. भाऊजी दाराशी पोचले आणि थांबले.

"आजोबा, सरका की!"

"अरे, आजोबांची रेंज गेली!"

"चला ना भाऊजी," मी म्हणाले. ते बाजूला झाले नाहीत, पुढेही गेले नाहीत. वरचं अंग पुढे झुकलं, पाय जमिनीला चिकटलेले. मी आणि डॉक्टर धावलो म्हणून तोल सावरला.

पुन्हा खुर्चीत बसवल्यावर डॉक्टरांनी हलकेच विचारलं, "दाराशी नेहमी असं होतं? त्या वेळी काय वाटतं, काका?"

भाऊजींनी दाराकडे बोट केलं.

"धरतात, सर. खालून पाय धरतात."

"कोण?"

"भूकंपात गाडलेले. एका घरात आतल्या दाराआड आवाज होता, बाईचा. भिंत हलून राहिली होती. साहेबानं माघारी बोलावलं. म्या आलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वैनी, लोक येडा म्हनतील म्हनून सांगितलं न्हाई. लेडीज पहिले म्हनायचो अन् थांबायचो."

डॉक्टरांनी लिहिलेला कागद फाडला. "तुमचे पाय कोणी धरलेले नाहीत. हा कंपवात आहे. हात थरथरले नाहीत तरी असतो. दाराशी, गर्दीत पाय गोठतात, आणि कवायतीच्या ठेक्यावर चालतात. म्हणून मला दिसला नाही."

"बरा व्हतो?"

"नाही. गोळ्यांनी आवरतो. पण एकटं राहू नका." मग मला म्हणाले, "पुढच्या भेटी फोनवर चालतील. फक्त फोन तोंडासमोर नको, दारासमोर धरा."

परतीच्या गाडीत मी भाऊजींच्या मुलाला फोन लावून दिला. "येतो," एवढंच ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. अर्धापूर संपलं, ते मला त्या एका शब्दात कळलं. जे कारण शोधायला निघालो होतो ते सापडलं होतं. मला वाटलं होतं, भुतं नव्हती हे कळल्यावर त्यांच्या मनावरचं ओझं तरी उतरेल.

चाकूर गेल्यावर ते बोलले.

"वैनी, दर दाराशी म्या त्या बाईची माफी मागून राहिलो. आपल्या घरी, देवळात, तुमच्या उंबऱ्यावर. अन् ती तिथं न्हवतीच?"

"नव्हती, भाऊजी."

"मंग इतके दिवस माझं कोनी ऐकलंच न्हाई म्हना."

बाहेर रानं अंधारत चालली होती. मी ऐकलं, असं म्हणावंसं वाटलं. पण त्यांनी जिला सांगितलं होतं, ती मी नव्हते.